एकतीस एप्रिल

"सुट्टी लागून दोन दिवस झाले नाहीत, आणि महिन्याभराची दैनंदिनी लिहून मोकळी? मामाकडे जाणं रद्द!" मृदुला लेकीवर कडाडली. माळ्यावरची स्वतःची चौथीतली वही काढून तिच्यापुढे आपटली. "बघ, मी रोजच्या रोज लिहायचे!"

लेकीनं पानं उलटली. "आज लवकर उठले, आईला मदत केली." पुढच्या पानावर तेच. मग ती फिस्सकन हसली. "आई, एकतीस एप्रिलला तू सगळी भांडी घासलीस? एप्रिल तिसालाच संपतो गं!"

मृदुलानं वही हिसकावून घेतली. खाली बाईंचा लाल शेरा होता, तिनं आजवर न वाचलेला: "शाब्बास! त्या दिवशी मीही तुमच्याकडेच जेवले."

मृदुला पोट धरून हसली. "ऊठ भवाने, बॅग भर. मामाला यातलं अक्षर कळलं तर याद राख!"