फसलेला तास

"ताई, आता एक घाव दोन तुकडे कर," मावसबहीण म्हणाली. "चारला पाच कमी आहेत."

मुलाखत चारला होती, कॉम्प्युटरवर. टेबलावर दोन माहितीपत्रकं पडली होती आणि आठवडाभर ताईचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. दोघी परदेशात एकाच शाळेत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायच्या, एकाच भाड्याच्या खोलीत राहायच्या, आणि पुढच्या महिन्यात दोघींना दुसऱ्या देशातल्या शाळेत जायचं होतं. तिथली अट एवढीच, की शिकवण्याचं प्रमाणपत्र हवं. घरबसल्या मिळणारं असेल तर काम पडद्यावरून, एका वेळी एकाच विद्यार्थ्याशी. चार आठवडे प्रत्यक्ष वर्ग घेऊन मिळवलेलं असेल तर काम वर्गात. पण ते चार आठवडे परीक्षक मागच्या बाकावर बसून सगळं बघणार.

मावसबहिणीने घरबसल्याचं केव्हाच उरकलं होतं, त्यातलं निम्मं भाजी निवडता निवडता. "मानेवर सासू कोण बसवून घेईल?" असं तिचं म्हणणं.

ताईलाही खरं तर तेच सोपं होतं. गेले आठ महिने ती वर्गाला घाबरत होती. फळ्याकडे वळली की मागे कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखं वाटे. झटकन वळून बघावं, तर सगळे आपापल्या जागी. भिंतीकडचं तिसरं बाक तिने बाहेर काढायला लावलं, तरी नजर त्याच रिकाम्या जागेवर जाई. शिपाई बिचारा म्हणाला, बाई, वर्गात माणसं वाढलीत, बाक परत ठेवू का, तर ती त्याच्यावर अशी खेकसली की तो पुन्हा त्या वर्गाकडे फिरकला नाही. आणि एवढं असून अर्ज मात्र तिने चार आठवड्यांच्या कोर्सला केला होता; आजची मुलाखत त्याचीच.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मग नको ना जाऊस. तुला कुणी आवतण दिलंय?"

"नाही गेले तर जास्त वाटते."

मावसबहिणीने कपाळावर हात मारला. "बरं, ऐक. फसलेला एखादा तास सांगा, असं हमखास विचारतात. सांगायचं, तासाभराची तयारी केली होती, अर्ध्या तासात संपली. सगळे हेच सांगतात. डोळे मिटून सांग आणि मोकळी हो."

परीक्षक बाई साठीच्या होत्या, चष्मा केसांत खोचलेला. आधी इकडचं तिकडचं झालं. मग तो प्रश्न आलाच. मावसबहिणीने दारातून अंगठा वर केला.

"तासाभराची तयारी केली होती," ताईने सुरुवात केली, "आणि अर्ध्या तासात..." ती थांबली. दारातला अंगठा तसाच हवेत राहिला.

"माझ्या वर्गात एक म्हातारे शिंपी होते, भिंतीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचे," ती म्हणाली. "नातू इंग्रजीच बोलायचा, म्हणून शिकायला यायचे. वर्गात पाटी होती, इथे फक्त इंग्रजी. ती मीच लावली होती. एक दिवस ते मधेच उभे राहिले आणि त्यांच्या भाषेत काही सांगायला लागले. मला ती भाषा येते, बाई. ऐकलं असतं तर कळलं असतं. मी पाटीकडे बोट दाखवलं."

"मग?"

"मग ते शब्द शोधत उभे राहिले. मला वाटलं, मदत करावी. विचारलं, हाउ आर यू? ते म्हणाले, आय अ‍ॅम फाइन, थँक यू. आणि बसले. तास सुटल्यावर जिन्यात कोसळले. हृदयाचा झटका. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत."

शिंपीकाका गेले हे मावसबहिणीला माहीत होतं. त्यांच्या घरी दोघी मिळूनच गेल्या होत्या. पाटीचं हे काहीच तिला ठाऊक नव्हतं. ती दारातच खाली बसली.

"वाईट झालं," परीक्षक बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण याला तास फसला असं नाही म्हणता येणार. तो तुमचा दोष नव्हता."

"तास फसलाच नाही, बाई. तेच तर मला सोडत नाही. तीन आठवडे ते वाक्य त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं. त्या दिवशी बिनचूक बसलं. मला इतका आनंद झाला, की मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्यांनीही वाजवल्या. एका हाताने, बाकावर. दुसरा हात उचलत नव्हता."

"तुम्ही ते पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं."

बाईंनी केसांतला चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि अर्ज पुढे ओढला.

"तुमच्या नव्या शाळेला घरबसल्याचं प्रमाणपत्र चालतं, असं अर्जात लिहिलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "ते घ्या ना. पुन्हा वर्गात उभं राहायचा त्रास कशाला?"

"पडद्यावर नुसता चेहरा दिसतो, बाई," ताई म्हणाली. "हात दिसत नाहीत."