वरच्या मजल्याचं बिल

"शनिवारच्या आत सिरिलकाकाची वीज कंपनी बदलून दाखवतो," रॉनी म्हणाला. "नाही जमलं तर बायकोचा गुलाबी गाऊन घालून अख्ख्या गल्लीतून गात जाईन."

चिप्सच्या दुकानातली रांग खिदळली.

"लागली पैज!" कढईमागून मोरीन ओरडली. "त्या म्हाताऱ्यानं चाळीस वर्षांत टोपीसुद्धा बदललेली नाही."

रॉनी खिडक्या पुसायचा, आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढायचा. बोलण्यात त्याला कुणी हरवलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तो स्वस्तातल्या कंपनीचा फॉर्म घेऊन काकांच्या स्वयंपाकघरात हजर. हीटर बंद होता. काका घरातच कोट घालून बसले होते.

बिलं दोन निघाली. एक खालच्या घराचं, दुसरं वरच्या खोल्यांचं. तिथला मीटर वेगळा. रॉनीनं ते दुसरं वाचलं आणि हसतच सुटला.

"काका, वापर शून्य!" त्याला ओरडूनच बोलावं लागत होतं, काका ठार बहिरे. "आणि रोजचा स्थिर आकार मात्र इमानदारीत भरताय. महिन्याला सोळा पौंड, नुसती तार जोडलेली राहावी म्हणून? डोकं फिरलंय का? वरचा मीटर काढून टाका, ही कंपनी सोडा, आणि इथं खाली हीटर लावा जरा."

काकांनी पेन उचललं. "खरंय तुझं. तीन वर्षं झाली आता."

"कशाला?"

"ग्लेनिसला जाऊन."

ग्लेनिस त्यांची मुलगी. भांडून गेली, ती मागच्या जिन्याची किल्ली घेऊनच.

"ती वर आली तरी मला ऐकू यायचं नाही रे. आणि या गुडघ्यांनी जिना चढवत नाही. पण आली तर दिवा लावेल. चहाला पाणी ठेवेल. बिलात आकडा आला की मला कळेल. म्हणून दर महिन्याला बघतो." काकांनी फॉर्म पुढं ओढला. "कुठं सही करू?"

रॉनीनं कागदाच्या चार घड्या करून खिशात कोंबल्या.

"आज नको. फॉर्मच चुकीचा आणलाय मी."

शनिवारी गल्लीत दोन्ही बाजूंना माणसं. ग्रिम्सबी बंदरावरचा बोचरा वारा, गुलाबी गाऊन, खाली रॉनीचे केसाळ पाय. "काय रे, बहिऱ्यापुढं बोलती बंद झाली तुझी?" म्हणत मोरीननं त्याला चिप्स फेकून मारले. रॉनी बेसूर गात होता.

काका दारात उभे होते. पोस्टमननं नुकतंच दिलेलं नव्या बिलाचं पाकीट फोडत होते. रॉनी थबकला. नुसत्या भुवया उडवून त्यानं विचारलं.

काकांनी नाही म्हणून मान हलवली. मग चौकटीला धरून हळूहळू पायरीवर खाली बसले.

कुणी काकांकडे वळून बघायच्या आत रॉनीनं गाऊन कमरेपर्यंत उचलला आणि भसाड्या आवाजात किंचाळत, नाचत रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे सुटला. सगळी गल्ली हसत त्याच्या मागं धावली.