बॉयलरचा व्हॉल्व्ह

बॉयलरखालची बादली निम्मी भरली होती. बाजूच्या नळीतून थेंब थेंब गळतच होतं.

"सकाळपासून दोनदा ओतून आले," सासूबाई म्हणाल्या. "मेकॅनिक सोमवारी उगवणार. तुम्हाला फोन करावा की नाही, कळेना."

"बरं केलंत," तो म्हणाला. गेल्याच आठवड्यात घटस्फोटाचा निकाल लागला होता. त्यानं बूट दाराबाहेर काढले, पाहुण्यासारखे नीट जोडून ठेवले.

"प्रेशर वाढलं की पाणी सोडणारा व्हॉल्व्ह असतो, तो गेलाय," त्यानं बायकोला सांगितलं. आता ती बायको नव्हती, पण दुसरा शब्द त्याला अजून सुचला नव्हता. तिनं टॉर्च धरला.

त्यानं बटण बंद केलं, बॉयलरकडे जाणारं पाणी बंद केलं, प्रेशर उतरवलं. काटा शून्यावर आला.

"गार होऊ दे ना. थांब थोडा वेळ."

"नको. उशीर होईल."

कशाला उशीर, ते तिनं विचारलं नाही.

जुना व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसला होता. पाना लावून त्यानं जोर दिला. तो सुटला, तसं आत उरलेलं पाणी त्याच्या मनगटावर आलं. येताना आणलेला, टेप गुंडाळलेला नवा व्हॉल्व्ह त्यानं तसाच बसवायला घेतला.

"वाफ येतेय," ती म्हणाली.

"हो."

"भाजत नाहीये?"

तो आटे जुळवत राहिला. टॉर्च हलला नाही. पाणी ओघळत बाहीत शिरलं. शेवटी आटे बसले, पाणी थांबलं. त्यानं पान्यानं आणखी एकदा आवळलं. दोघंही कोरड्या नळीकडे बघत राहिली.

बादली रिकामी करून आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या.

"अरे, हात बघ तुझा! लालभडक झालाय! चल आधी, चल!"

दंडाला धरून त्यांनी त्याला सिंकपाशी ओढत नेलं आणि गार पाण्याचा नळ पूर्ण सोडला. लग्नाच्या दिवसापासून त्या त्याला अहो-जाहोच करत आल्या होत्या.

"चुरचुरतंय का रे?"

तो पाण्याखालच्या हाताकडे बघत राहिला.

"हो आई. आता चुरचुरतंय."