बफेलोच्या वाटेवर

"बाबांच्या छातीत दुखतंय," आसावरी फोनवर म्हणाली, आणि ओट्यापाशी कांदा चिरणाऱ्या तिच्या नवऱ्याने, प्रतापने, दचकून तिच्याकडे बघितलं.

पलीकडे वेदांतचा आवाज एकदम बारीक झाला. "व्हॉट? आत्ता? हॉस्पिटलमध्ये आहात का?"

"डॉक्टरांनी बघितलंय. घरीच पडून राहायला सांगितलंय. पण ते सारखं तुझं नाव घेतायत. तू परत ये. वाटेत बिंगहॅम्टनला बस मिळेल तुला. ईशानला म्हणावं, तू जा पुढे. त्याची मॅच कशाला बुडवायची?"

तिने फोन ठेवला. तिला हलकं वाटत होतं.

दोन दिवस ती लेकाला विनवत होती. बफेलोला सरोवरावरून बर्फाचं वादळ येतंय, बातम्यांमध्ये सतत सांगतायत, जाऊ नकोस. वेदांत वीस वर्षांचा. "चिल, आई," एवढंच म्हणायचा. "प्लेऑफ मॅच आहे, हरले की बाहेर. स्नोमध्येच तर मजा असते. आणि ईशान ड्राइव्ह करतोय, मी नाही." आज उजाडता उजाडता दोघं मॅच बघायला जर्सी सिटीतून बफेलोला निघालेसुद्धा.

"ईशानचं काय?" प्रतापने विचारलं.

"त्याला त्याची आई आहे."

ईशानची आई, रुपाली, याच इमारतीत दोन मजले खाली राहायची. नवरा गेल्यापासून तिने एकटीने ईशानला वाढवलं होतं. मराठी शाळेच्या पहिल्या दिवसापासून दोन्ही मुलं एकत्र होती. रुपालीला उशीर झाला की ईशान आसावरीकडेच जेवायचा. प्रतापने सुरी खाली ठेवली.

वेदांतचा मेसेज आला, निघालोय. त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. बसमध्ये बॅटरी संपली असेल, असं आसावरीने स्वतःला समजावलं.

दुपारी बातमी आली. मॅच पुढे ढकलली होती. बफेलोकडचे रस्ते बंद होत होते, निघालेल्या चाहत्यांनी जिथे असाल तिथेच थांबावं, असं सांगत होते. मग हायवेवरचं दृश्य आलं. पांढऱ्या धुरासारख्या बर्फात गाड्या एकमेकींवर चढलेल्या. एका ट्रकखाली अर्धी गेलेली निळी गाडी. ईशानची गाडी निळीच होती.

दाराची बेल वाजली. रुपाली स्लिपर्समध्येच वर आली होती.

"ईशान फोन उचलत नाहीये. वेदांतचा लागतोय का गं?"

"नाही."

रुपाली सोफ्यावर तिच्याशेजारी बसली. टीव्हीवर तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. तिने आसावरीचा हात धरला. तिचा तळवा थंडगार होता.

"दोघं बरोबर आहेत, तेवढंच बरं," ती म्हणाली. "एकाला काही झालं तर दुसरा बघेल तरी. नाही का?"

आसावरीला हात सोडवून घ्यावासा वाटला, पण रुपालीने तो घट्ट धरून ठेवला होता.

"वेदांत त्या गाडीत नाहीये, रुपाली."

"म्हणजे?"

"मी त्याला सकाळीच परत बोलावलं. प्रतापला बरं नाही, असं खोटं सांगून. बसने येतोय तो."

"आणि ईशान?"

आसावरीने मान खाली घातली. "त्याला मीच पुढे जायला सांगितलं."

रुपालीने हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. प्रताप चहाचे कप घेऊन दारात थबकला होता. धडधाकट उभ्या त्या माणसाकडे रुपाली बराच वेळ बघत राहिली. मग तिने टीव्हीवर दाखवत असलेल्या पोलिसांच्या नंबरवर फोन लावायला घेतला. लाइन लागेना. ती पुन्हा लावत राहिली. खिडकीबाहेर आता इथेही बर्फ पडायला लागला होता.

संध्याकाळ होत आली तेव्हा दारात किल्ली फिरली.

आधी वेदांत आत आला आणि धावत जाऊन बाबांना बिलगला. त्याच्या मागून ईशान. केसांवर बर्फ, डोळे लाल, अंगात टीमची जर्सी तशीच.

"सॉरी, खूप वेळ लागला," तो धापा टाकत म्हणाला. "रस्ता दिसतच नव्हता. आणि गाडीतला चार्जर बंद पडला, फोन करता आला नाही."

"तू?" आसावरी उठून उभी राहिली. "तू पुढे गेला नाहीस?"

"काकू, काकांना असं झाल्यावर याला एकट्याला बसमध्ये कसं बसवणार? रडत होता तो. मॅच काय, पुढच्या वर्षी बघू."

मग त्याला प्रताप उभा दिसला. "काका, तुम्ही उठलात कशाला? झोपा ना."

प्रतापने तोंड फिरवलं. ईशान गोंधळला. त्याने खोलीतल्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं, आणि शेवटी आपल्या आईकडे वळला.

"आई, काकांना नक्की काय झालंय? बरे आहेत ना ते?"

रुपाली उठली. तिने लेकाच्या केसांतला बर्फ झटकला, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. आसावरीकडे तिने एकदाही बघितलं नाही.

"आता बरे आहेत," ती म्हणाली. "तू वेदांतला वेळेवर आणलंस ना, म्हणून."