मीडमधली रेघ

मीडच्या अलीकडच्या दगडाला टाचा टेकवून अंब्रोज उभा राहिला. पलीकडचा दगड दोनशे पावलांवर होता. मार्चपासून तो त्याला दिसत नव्हता. डोळ्यांना खाली हिरवं, वर करडं, एवढंच कळे.

जनावरं चरतात ते कुरण. नांगरून पुन्हा पेरतात ती ली. मीड म्हणजे सुक्या चाऱ्यासाठी राखलेली गवताची जमीन; तिला नांगर लागत नाही आणि कुंपणही नसतं. ती फक्त कापायची. ही अर्धी अंब्रोजची, अर्धी शेजारच्या हेस्टरची. कापणीच्या आदल्या दिवशी एकाने या दगडापासून त्या दगडापर्यंत पाय घासत जायचं. गवत दबून रेघ उमटते, तीच हद्द. यंदा पाळी अंब्रोजची होती.

"रेघ वाकडी गेली तर मीड मी बघणार, बाबा," मागून मुलगा क्लाइव्ह म्हणाला. "तुम्ही गावात राहायचं. ठरलंय आपलं."

"तू ठरवलंस," म्हणत अंब्रोज निघाला.

दहा पावलांत गवत मांडीला लागलं. आपण उजवीकडे, ओढ्याच्या बाजूला सरकतोय की काय, हे त्याला कळेना. तो थांबला.

"काय रे, झोप लागली का?" समोरून, पलीकडच्या दगडापासून हेस्टर ओरडली. "तुझ्या आधी गोगलगाय पोचेल!"

एरवी ही बाई आपल्या घराच्या फाटकापाशी गप्प बसायची.

"तोंड आवर गं!"

"का? हे काय चर्च आहे? तुझं कुत्रं माझी अंडी खातं. तुझी सफरचंदाची दारू म्हणजे निव्वळ आंबोण!"

उत्तर शोधत तो चालू लागला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. आवाज एकाच जागेवरून येत होता. उजव्या कानात जास्त भरला की तो जरासा उजवीकडे वळे. दोन्ही कानांत सारखा झाला की पाय घाशी.

मध्यावर वारा सुटला. आवाज विरला. तरी त्याने पुढचं पाऊल टाकलं.

"आणि तुझी बायको मेबल!" हेस्टर जिवाच्या आकांताने किंचाळली. "मरेपर्यंत केक करपवले तिने!"

अंब्रोज जागच्या जागी थबकला. गर्रकन आवाजाकडे वळला आणि थेट तिच्या रोखाने निघाला.

दगड गुडघ्याला लागला.

क्लाइव्ह बराच वेळ वाकून रेघ बघत होता. "सरळ आहे," तो अखेर ओरडला.

हेस्टर गळा धरून दगडावर बसली होती.

"मेबलचा केक," अंब्रोज हळू आवाजात म्हणाला, "एकदाही करपला नव्हता."

"माहितीये," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पण तू ओढ्याकडे वळत होतास."