चौविहार उपास

संवत्सरीचं प्रतिक्रमण संपलं तेव्हा एरंडोलमध्ये सूर्य मावळला होता. जैन स्थानकाच्या दारात बायका हात जोडून एकमेकींना 'मिच्छामि दुक्कडं' म्हणत होत्या. वर्षभरात बोलून दुखावलं असेल तर क्षमा. धनकुंवरनेही सगळ्यांना म्हटलं आणि घरी न जाता ती गल्लीच्या टोकाला, भिकुबाईकडे वळली. चौविहार उपास होता. कालच्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही घेतलेला नव्हता. उद्या सूर्य उगवेपर्यंत घ्यायचा नव्हता.

भिकुबाई शेळीला पाला टाकत होती.

"अक्का, तुम्ही? आमना घर?"

"भिकू, उन्हाळामा मी तुले बोलनू..."

स्थानकात सहज आलेले शब्द इथे अडखळले.

धनकुंवरच्या घरचं ताक कधी विकलं जात नसे. जी तांब्या घेऊन येई तिला मिळे. चैत्रात नातू आजारी म्हणून भिकुबाई एका दिवसात दुसऱ्यांदा आली. ओसरीवर पाहुणे होते. त्यांच्यादेखत धनकुंवर म्हणाली होती, "फुकटनं शे म्हणीसन दिनभर मांगशी का?" भिकुबाई रिकामा तांब्या घेऊन गेली, ती पुन्हा आली नाही.

"माले माफ कर," धनकुंवर म्हणाली.

 भिकुबाईने घाईघाईने गोणपाट अंथरलं, पितळी पेला पदराने पुसला, माठातून भरला आणि पुढे धरला.

"पहिले पाणी प्या. तोंड कितलं सुकेल शे तुमनं."

धनकुंवरचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला.

"आज नको. माना उपास शे."

"उपासले पाणी चालस, अक्का." भिकुबाईच्या सगळ्या एकादश्या पाण्यावरच निघत.

"आमना उपासले नही चालत. सूर्य निंघावर..."

"आमनं पाणी नही चालत, असं सांगा ना."

एक दिवस थांबून, पारणं करून आपण आलो असतो तर पेला घेता आला असता, हे धनकुंवरच्या आता लक्षात आलं. ती आणखी समजावू लागली. प्रत्येक वाक्य सबबीसारखं वाटत होतं.

"ऱ्हाऊ द्या," भिकुबाई म्हणाली. "माफ कयं, अक्का. निस्ता शब्द ते देना शे."

तिने पेला शेळीपुढच्या घमेल्यात ओतला. धनकुंवर ओटा उतरली. मागे शेळी पाणी पीत होती. अंधारात तेवढंच ऐकू येत होतं.