घरभेट

"आडवा हो. आणि तोंड जरा वाकडं ठेव," दादा म्हणाला.

"दुखणं पायांत आहे, तोंडात नाही," धाकटा म्हणाला.

"अक्कल पाजळू नकोस. भत्ता बंद झाला तर खायचं काय?"

धाकट्याला लहानपणापासून कुबड्यांशिवाय चालता येत नव्हतं. त्याला अपंगांचा सरकारी भत्ता मिळे. शिवाय रोज सकाळी तीन तास चष्म्याच्या दुकानात बसून तो फ्रेममध्ये काचा बसवायचा. नाजूक फ्रेम आली की मालक दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. दादाच्या लेखी तो टाइमपास होता. दादा स्वतः नोकरी करत नसे. हुकूम ऐकणं त्याच्या रक्तात नव्हतं म्हणे. त्याचा धंदा गेली अकरा वर्षं सुरू व्हायच्या बेतात होता. तोवर तो धाकट्याच्या दोन खोल्यांत राहायचा, धाकट्याच्या जिवावर जेवायचा आणि शेजाऱ्यांना सांगायचा, "काय करणार, भाऊ आहे. हे लोढणं माझ्या गळ्यात आहे."

आज कचेरीतून तपासणीची बाई घरी यायची होती. दादाने आयुष्यात पहिल्यांदाच सकाळपासून कंबर कसली. भिंग आणि बारीक पेचकस पलंगाखाली ढकलले. औषधाच्या रिकाम्या बाटल्या उशाशी मांडल्या. त्यातल्या दोन खोकल्याच्या होत्या. शेवटी त्याने कुबड्या उचलल्या आणि गॅलरीत नेऊन ठेवल्या.

"त्या कशाला नेतोयस?"

"तू मध्येच उठलास म्हणजे सगळं मुसळ केरात."

बाई आली, खुर्चीवर बसली, फाइल उघडली. तिने विचारायच्या आधीच दादा सुरू झाला.

"काय सांगू मॅडम! चमच्याने भरवावं लागतं. अंघोळ मी घालतो. काम कसलं करतोय, त्याला नाकावरची माशी हाकलता येत नाही. याच्यापायी माझा संसार झाला नाही." त्याने कोरडे डोळे पुसले.

धाकटा छताकडे बघत ऐकत होता. ही रड त्याला पाठ होती. पण आजवर ती जिन्यात व्हायची. आज समोर बाईचं पेन कागदावर टेकलं होतं, आणि वर नाव त्याचं होतं. त्याची कानशिलं तापली.

"दादा, माझ्या कुबड्या आण."

"अरे, तू पडून राहा—"

"आण म्हणतो ना!"

असा आवाज दादाने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो मुकाट्याने गेला आणि घेऊन आला. धाकटा उठला आणि बाईसमोर सरळ उभा राहिला.

"मॅडम, हा बोलला ते सगळं खोटं आहे. मी रोज तीन तास काम करतो. माझं मी जेवतो, स्वयंपाकही मीच करतो. भत्ता कापायचा तर कापा."

दादाने कपाळावर हात मारला. "मेलो! याला वेडाचे झटके येतात हो."

"कापायचा कशाला?" बाई म्हणाली. "तीन तासांची मुभा आहे. आणि तुम्ही ते पहिल्या दिवसापासून लेखी कळवलंय. मी त्यासाठी आलेच नाही."

तिने अर्जाचं पान उलटलं. "इथे तुमच्यावर अवलंबून असलेली एक व्यक्ती दाखवलीय. थोरला भाऊ, वय त्रेचाळीस, कमाई नाही. फक्त कारणाचा रकाना तुम्ही कोरा सोडलाय."

मग पेन सरसावून तिने दादाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"यांना नेमकं काय झालंय?"